औट घटकेचं राज्य : वागाडुगूतला बुधवार ते बुधवार

मराठीत ‘औट घटकेचं राज्य’ म्हणतात, त्याचा हिशेब कुणी सहसा मांडत नाही. औट म्हणजे साडेतीन, घटका 24 मिनिटांची, म्हणजे एकूण 84 मिनिटं. त्या मानाने जनरल जिल्बेर दिएन्देरे यांच्या ‘राष्ट्रीय लोकशाही परिषदे’चं राज्य दीर्घायुषीच म्हणायचं. सप्टेंबर 2015 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात ते जेमतेम आठवडाभर टिकलं. लोकांनी त्याचं बारसं करून टाकलं, ‘जगातलं सगळ्यात मूर्ख बंड’. नाव झोंबणारं आहे, पण मला ते पुरेसं पटत नाही. बंड करणारे मूर्ख नव्हते. देशातली सगळ्यात कसलेली पलटण त्यांच्याकडे होती, राष्ट्राध्यक्ष त्यांच्या ताब्यात होते, टीव्ही केंद्र त्यांच्याकडे होतं. एवढं हाती असून आठवड्यात गाशा का गुंडाळावा लागला, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

एका माणसाची पलटण

15 ऑक्टोबर 1987 रोजी राजधानी वागाडुगूत राष्ट्राध्यक्ष तोमा सांकारा यांना त्यांच्या बारा साथीदारांसह गोळ्या घालून मारण्यात आलं. ‘अपर व्होल्टा’ हे वसाहतीच्या काळातलं नाव टाकून 1984 मध्ये देशाला ‘बुर्किना फासो’, म्हणजे ताठ मानेच्या माणसांचा देश, हे नाव देणारे ते हेच. त्यांच्या जागी आले त्यांचेच जुने मित्र ब्लेझ कोम्पाओरे. ते 27 वर्षं गेले नाहीत.

मित्राला मारून आलेल्या माणसाला झोप लागायची तर दाराशी पहारा हवा. त्या पहाऱ्याचं नाव ‘राष्ट्राध्यक्ष सुरक्षा रेजिमेंट’. सुमारे 1,300 जवान, चांगला पगार, चांगली शस्त्रं आणि कोस्याम या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाला लागूनच ‘नाबा कूम’ नावाची छावणी. कागदावर ही पलटण सैन्याचा भाग होती, पण हुकूम प्रासादातून यायचा. दिएन्देरे हे या सगळ्याचे सूत्रधार. कमी बोलणारे, सहसा फोटोतही न दिसणारे. सैन्यात त्यांना ‘गोल्फ’ म्हणत. पत्नी सत्ताधारी पक्षाच्या खासदार. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात जिहादी गटांनी परदेशी माणसं ओलीस धरली की सुटकेची बोलणी अनेकदा याच माणसामार्फत व्हायची, त्यामुळे पाश्चात्त्य देशांच्या गुप्तचर वर्तुळातही त्यांना मान होता. देशातल्या लोकांच्या आठवणीत मात्र पलटणीचा दुसराच चेहरा होता. डिसेंबर 1998 मध्ये पत्रकार नोर्बेर झोंगो यांची गाडी जळालेल्या अवस्थेत सापडली, आत त्यांचा आणि इतर तिघांचा मृतदेह. संशयाची सुई याच पलटणीच्या जवानांवर स्थिरावली आणि खटला 2006 मध्ये बंद करण्यात आला.

ऑक्टोबर 2014 मध्ये कोम्पाओरेंनी राज्यघटनेचं कलम 37 बदलून आणखी एकदा उभं राहायचा घाट घातला, तेव्हा लोकांचा संयम सुटला. बायका हातात स्वयंपाकाचे लाकडी डाव घेऊन रस्त्यावर उतरल्या. रॅपर स्मॉकी आणि रेगे गायक साम्स के ले जा यांनी 2013 मध्ये उभारलेल्या ‘बाले सितोयाँ’, म्हणजे ‘नागरिकांचा झाडू’, या संघटनेची पोरं खरोखरच झाडू घेऊन आली. 30 तारखेला संसद पेटली, 31 ला कोम्पाओरे आयव्हरी कोस्टला पळाले.

सत्ता कुणाकडे गेली? त्याच पलटणीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, लेफ्टनंट कर्नल याकुबा इझाक झिदा यांच्याकडे. आंतरराष्ट्रीय दबावापुढे त्यांनी खुर्ची मिशेल काफांदो या सत्तरी ओलांडलेल्या मुत्सद्द्याकडे सोपवली आणि स्वतः पंतप्रधान झाले. हंगामी संसदेचे अध्यक्ष झाले शेरिफ सी, पेशाने पत्रकार. मतदानाची तारीख ठरली 11 ऑक्टोबर 2015.

हे वर्ष कसं गेलं ते नीट पाहावं लागतं, कारण बंड अचानक झालेलं नाही. झिदा आपल्याच पलटणीचे पंख कापू लागले आणि पलटण गुरगुरू लागली. डिसेंबर 2014 मध्ये जवानांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत व्यत्यय आणला. फेब्रुवारीत त्यांनी झिदांचाच राजीनामा मागितला, तेव्हा पंतप्रधानांना मोसी समाजाच्या राजाच्या वाड्यात आसरा घ्यावा लागला. जूनमध्ये पुन्हा तेच ताणाताणीचं चित्र. दर वेळी समजूत घालून प्रकरण मिटवलं गेलं. एकदा पचलं की पुढच्या वेळी भीती राहत नाही.

त्यात निवडणुकीचा गुंता. एप्रिलमध्ये कायदा बदलून, कोम्पाओरेंच्या घटनादुरुस्तीला साथ देणाऱ्यांना निवडणूक लढवायला बंदी घालण्यात आली. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या न्यायालयाने जुलैत त्या कायद्याविरुद्ध निकाल दिला, तरीही जुन्या सत्ताधारी पक्षाच्या अनेकांचे अर्ज बाद झाले. माझ्या मते ही हंगामी सरकारची चूक होती. मतपेटीत आपटले असते त्यांना हुतात्मा बनवायची गरज नव्हती. पण बंडाचं खरं कारण हे नव्हे. सोमवारी, 14 सप्टेंबरला, सुधारणा आयोगाने पलटण बरखास्त करण्याची शिफारस केली. दोन दिवसांत बंड झालं.

बुधवार, 16 सप्टेंबर

कोस्याममध्ये मंत्रिमंडळाची साप्ताहिक बैठक चालू होती. पलटणीचे जवान आत शिरले. काफांदो, झिदा आणि दोन मंत्री यांना त्यांनी ताब्यात घेतलं. कुंपणानेच शेत खावं तसा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी टीव्हीवर लष्करी गणवेशातल्या अधिकाऱ्याने निवेदन वाचलं : हंगामी सरकार विसर्जित, राष्ट्रीय लोकशाही परिषदेची स्थापना, पुढे सर्वांना सामावून घेणाऱ्या निवडणुका. थोड्या वेळाने प्रमुखाचं नाव जाहीर झालं, दिएन्देरे. संध्याकाळी सातपासून संचारबंदी, सीमा बंद. निवडणुकीला महिनाही उरला नसताना, निवडणूक नीट व्हावी म्हणून सरकार उलथवायचं आणि त्या कामाला लोकशाहीचं नाव द्यायचं! जुंटांच्या, म्हणजे लष्करी राजवटींच्या, नावांचा एक वेगळाच विनोदी कोश निघू शकेल.

रस्त्यावर विनोद नव्हता. जवान पिकअप गाड्यांतून फिरत जमाव दिसेल तिथे गोळ्या झाडत होते, लोकांना पट्ट्याने मारत होते. खासगी रेडिओ केंद्रं बंद पाडली गेली, एका केंद्राच्या आवारातल्या मोटरसायकली पेटवल्या गेल्या. वागाडुगू हे दुचाक्यांचं शहर आहे. तिथे माणसाची मोटरसायकल जाळणं म्हणजे त्याची रोजची भाकरी जाळणं. स्मॉकीच्या स्टुडिओवर रॉकेट डागण्यात आलं. त्या आठवड्यात एकूण 14 माणसं मेली आणि अडीचशेहून अधिक जखमी झाली.

तरीही शहर बसलं नाही. कामगार संघटनांनी बेमुदत संप पुकारला. वस्त्यावस्त्यांत टायर पेटवून, दगड रचून रस्ते अडवले गेले. पलटण आली की पोरं गल्लीत पांगायची, ती गेली की अडथळा पुन्हा उभा. 1,300 जवानांमध्ये प्रासाद, विमानतळ, टीव्ही केंद्र आणि कैदी सांभाळायचे, वर प्रत्येक चौकात टायर विझवायचे, हे गणित जमणारं नव्हतं.

मग 108 एफएमवर एक आवाज ऐकू येऊ लागला. संसदेचे अध्यक्ष शेरिफ सी पलटणीच्या हाती लागले नव्हते. राष्ट्राध्यक्ष कैदेत असल्याने घटनात्मक जबाबदारी आपल्याकडे आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि अज्ञात ठिकाणाहून ‘रेदिओ रेझिस्तान्स’, म्हणजे प्रतिकाराचा रेडिओ, चालू झाला. केंद्रं बंद पाडणाऱ्यांनी पत्रकार माणूस मोकळा सोडला होता, ही त्यांची पहिली मोठी चूक. मोबाइल आणि इंटरनेट चालूच राहिलं. ट्विटरवर ‘ल्विली’ या हॅशटॅगखाली (मोसी लोकांच्या मूरे भाषेत या शब्दाचा अर्थ पक्षी) कुठल्या वस्तीत गोळीबार आहे, कुठला रस्ता मोकळा आहे हे लोक एकमेकांना सांगत राहिले.

मध्यस्थांचा मसुदा

शुक्रवारी सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष माकी साल आणि बेनिनचे बोनी यायी इकोवासतर्फे मध्यस्थीला आले. त्याच दिवशी आफ्रिकन युनियनने बुर्किना फासोचं सदस्यत्व निलंबित केलं. काफांदोंची सुटका झाली, पण घरातच नजरकैद.

रविवारी, 20 तारखेला, एका बड्या हॉटेलात तोडगा जाहीर झाला. हॉटेलच्या लॉबीत बंडाचे समर्थक घुसून विरोधकांना मारहाण करत होते आणि वर अटी वाचून दाखवल्या जात होत्या. काफांदो परत येतील, पण बंडखोरांना माफी. बाद झालेले उमेदवार पुन्हा मैदानात. पलटणीचं काय करायचं ते नवा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष ठरवेल. निवडणूक उशिरात उशिरा 22 नोव्हेंबरला.

नीट वाचलं तर पलटणीला जे हवं होतं ते जवळपास सगळं या कागदात होतं. खुर्ची सोडायची, आणि बाकी सगळं राखायचं. मध्यस्थांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. रक्तपात टाळायचा तर बंदूक ज्याच्या हाती आहे त्याच्याशीच बोलावं लागतं, असा त्यांचा धंद्याचा नियम. पण बंदूक फक्त एकाच्या हाती आहे हे त्यांचं गृहीतक चुकलं. वागाडुगूत लोक संतापले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे राजधानीबाहेरच्या छावण्यांत तो मसुदा ऐकला गेला.

छावण्यांमधला सोमवार

बोबो-दिउलासो हे देशातलं दुसरं मोठं शहर, वागाडुगूपासून साडेतीनशे किलोमीटरवर. तिथे पलटण नव्हतीच. पहिल्या दिवसापासून हजारो लोक रस्त्यावर, आणि त्यांचा मोर्चा थेट सैन्याच्या छावणीवर. मागणी एकच : बराकीत बसून काय पाहता, राजधानीत जा आणि यांना निःशस्त्र करा. इतर गावांतही असंच घडत होतं. या प्रकरणाच्या केंद्रस्थानी मी हे दृश्य ठेवतो. सैन्याला बराकीत परत जा म्हणणारे मोर्चे आपण बरेच पाहिले आहेत, सैन्याला बराकीबाहेर ये म्हणणारे क्वचित. (सात वर्षांनी हीच हाक वेगळ्या अर्थाने उठली, त्याकडे येतो.)

वरिष्ठ सेनाधिकारी राजधानीत चाचपडत होते. पण प्रांतांतल्या तुकड्यांमधल्या कनिष्ठ आणि मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांचा जुना राग होता. पगार पलटणीला, शस्त्रं पलटणीला, परदेशी प्रशिक्षण पलटणीला, आणि गणवेश मात्र सगळ्यांचा एकच. 21 तारखेला सैन्याने जाहीर केलं की देशभरातल्या तुकड्या वागाडुगूकडे निघाल्या आहेत, रक्त न सांडता पलटणीला शस्त्रं खाली ठेवायला लावण्यासाठी. बोबो, देदुगू, काया, फादा इथून चिलखती गाड्या आणि ट्रक निघाले. वाटेत गावागावांत लोक दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्याच दिवशी दिएन्देरेंचं निवेदन आलं. देशाची माफी, सत्ता सोडायची तयारी, पण इकोवासच्या मसुद्याप्रमाणे. काफांदो फ्रेंच राजदूतांच्या निवासस्थानी पोहोचले होते. रात्री सैन्य शहरात शिरलं.

वाड्याचं अंगण

मंगळवारी दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती आणि कुणीही गोळी झाडली नाही. यामागे एक कारण असं की हे अधिकारी एकमेकांचे अनोळखी नव्हते. अनेक जण वागाडुगूजवळच्या कादिओगोच्या लष्करी शाळेत एकत्र वाढलेले. दुसरं कारण मोगो नाबा, मोसींचे पारंपरिक राजे. त्यांना घटनेत अधिकार नाही, पण शब्दाला वजन आहे.

त्यांच्या वाड्यासमोर दर शुक्रवारी सकाळी एक सोहळा होतो. राजा युद्धाच्या लाल पोशाखात बाहेर येतो, खोगीर चढवलेला घोडा तयार असतो. सरदार विनवण्या करतात, जाऊ नका. राजा आत जातो आणि पांढऱ्या वेशात परत येतो, घोड्याचं खोगीर उतरवलं जातं. कधी काळी टळलेल्या एका स्वारीची ही आठवण, शतकानुशतकं चालत आलेली. त्याच वाड्यात 22 तारखेच्या रात्री सैन्याचे आणि पलटणीचे प्रतिनिधी करारावर सह्या करायला बसले. पलटण शहरातली ठाणी सोडून छावणीत जाणार, सैन्य 50 किलोमीटर मागे हटणार, पलटणीच्या जवानांच्या कुटुंबांना संरक्षण मिळणार.

बुधवारी, 23 तारखेला, शेजारी देशांचे राष्ट्राध्यक्ष काफांदोंना पुन्हा पदावर बसवायला विमानाने आले. विमानतळावर स्वागताला कोण? गणवेशातले जनरल दिएन्देरे. आठवड्यापूर्वी यजमानाला कोंडून ठेवणारा माणूस त्याच यजमानाच्या पाहुण्यांचं स्वागत करतो आहे, आणि पाहुणे हात मिळवताहेत. बंड करणं ही चूक होती, असं ते पत्रकारांजवळ बोलून गेले.

का फसलं

बहुतेक विश्लेषणं लोकशक्तीचा विजय म्हणून थांबतात. लोक नसते तर काहीच झालं नसतं, हे खरंच. पण ऑक्टोबर 2014 मध्येही लोक होते आणि तेव्हा सत्ता पलटणीच्याच अधिकाऱ्याकडे गेली होती. मग या वेळी वेगळं काय होतं?

पलटणीची रचना. ती राष्ट्राध्यक्षाला वाचवण्यासाठी घडवलेली होती, म्हणून सगळी ताकद कोस्यामभोवती एकवटलेली. राजधानीत तिला तोड नव्हती आणि राजधानीबाहेर तिचं कुणी नव्हतं. साधारणपणे बंड करणारे आधी सेनेच्या छावण्यांत आपली माणसं पेरतात. दिएन्देरेंना त्याची कधी गरजच पडली नव्हती, कारण 27 वर्षं त्यांचं कामच उरलेल्या सैन्यावर नजर ठेवण्याचं होतं. ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांच्याकडेच पाठिंबा मागायची वेळ आली. शिवाय ज्याच्यासाठी पलटण होती तो माणूस परदेशात पळालेला. राखणदार उरला, पण राखायचं काय ते उरलं नाही. उरलं फक्त स्वतःचं अस्तित्व, आणि त्यासाठी देश मागे उभा राहत नसतो.

पुढे बंडाच्या खटल्यात दिएन्देरे म्हणाले की बंड आपण आखलं नाही, जवानांनी केलं, आपण पुढचा गोंधळ टाळायला जबाबदारी घेतली. न्यायालयाने ते मानलं नाही. मला त्यात अर्धं तथ्य असावं असं वाटतं. नोकरी आणि पगार जाणार या धास्तीने जवान पेटलेले असणं अगदी शक्य आहे. पण पेटलेल्यांच्या पुढे उभं राहून निवेदन करवणारा माणूस आगीपासून हात झटकू शकत नाही.

नंतर

25 सप्टेंबरला मंत्रिमंडळाने पलटण बरखास्त केली. छावणीतल्या सगळ्यांनी शस्त्रं टाकली नाहीत, म्हणून 29 ला सैन्याने नाबा कूमवर तोफा डागल्या. दिएन्देरेंनी व्हॅटिकनच्या दूतावासात आश्रय घेतला आणि 1 ऑक्टोबरला ते सरकारच्या ताब्यात आले. लांबलेली निवडणूक 29 नोव्हेंबरला झाली आणि रोक मार्क ख्रिस्तियाँ काबोरे पहिल्याच फेरीत निवडून आले. 84 आरोपींचा खटला फेब्रुवारी 2018 मध्ये लष्करी न्यायालयापुढे सुरू झाला. सप्टेंबर 2019 मध्ये दिएन्देरेंना 20 वर्षं आणि माजी परराष्ट्रमंत्री जिब्रिल बासोले यांना 10 वर्षं शिक्षा झाली. एप्रिल 2022 मध्ये सांकारा हत्येच्या खटल्यात दिएन्देरेंना जन्मठेप झाली, कोम्पाओरेंनाही, त्यांच्या गैरहजेरीत.

पण हिशेब इथे मिटत नाही. पलटण गेली तशी तिची हेरगिरीही गेली. पलटण मोडल्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच 15 जानेवारी 2016 रोजी वागाडुगूच्या मध्यवस्तीतल्या कॅफेवर आणि हॉटेलवर जिहादी हल्ला होऊन तीसजण मारले गेले. पलटण मोडली म्हणूनच हे झालं, असं म्हणणारे तिथे बरेच भेटतात. मला ते सोपं उत्तर वाटतं. कोम्पाओरेंच्या काळात त्या गटांशी बोलणीच चालत, म्हणून ते या देशाला हात लावत नसत, असाही एक हिशेब आहे, आणि तो मांडला की जुन्या सुरक्षेची किंमत कोण देत होतं हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. एवढं मात्र दिसतं की एका माणसाच्या डोक्यात आणि वहीत ठेवलेलं गुप्तचर जाळं तो तुरुंगात गेल्यावर नव्या सरकारच्या हाती आलं नाही, आणि पर्याय उभा करायला कुणाला वेळ मिळाला नाही. उत्तर आणि पूर्व भागांत गावंच्या गावं ओस पडली.

24 जानेवारी 2022 रोजी त्याच सरकारी टीव्हीवर पुन्हा गणवेशातले अधिकारी दिसले आणि पुन्हा निवेदन वाचलं गेलं. काबोरे पायउतार झाले. नवे प्रमुख लेफ्टनंट कर्नल पॉल-आँरी दामिबा, एके काळचे याच बरखास्त पलटणीचे अधिकारी. राजधानीच्या मुख्य चौकात लोक जमले. या वेळी ते हॉर्न वाजवत, झेंडे फडकवत नाचत होते. दामिबांचंही राज्य आठ महिन्यांत गेलं. 30 सप्टेंबरला कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी त्यांना हटवलं, आणि तेव्हाही टीव्हीवर निवेदन झालं.